घरात मोठं माणूस कोण

आमच्या फॉर्मच्या दुसऱ्या पानावर एक प्रश्न आहे: आई-वडील कामावर गेल्यावर घरात मुलांजवळ कोणती मोठी व्यक्ती असते? पुढे एक रेघ आहे, एका नावापुरती. त्या रेघेवर मी 'कोणी नाही' असं लिहिलं आणि एका बाईची दोन मुलं तिच्यापासून जायची वेळ आली. याचा मला राग आहे. त्यातला माझ्यावर किती आणि त्या रेघेवर किती, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि आठवड्यातले तीन दिवस एका संस्थेत काम करायचे. पदाचं नाव 'कुटुंब मार्गदर्शक'. ते नाव सांगायलाच मला संकोच वाटायचा. भिसेगावात आमच्या घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हंजे तू लोकांना संसार शिकवनार? भाकर करपते तुझी." तरी तिने शेजारी जाऊन सगळ्यांना सांगितलं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. रेशनकार्डापासून भावाच्या प्रवेशापर्यंत घरातला प्रत्येक कागद मीच भरत आले आहे, आणि मी भरलेला फॉर्म कुठल्याही खिडकीवरून परत आला नाही, याचा मला अभिमान होता.

काम असं होतं. यादीतल्या घरी जायचं, फॉर्म भरायचा, मग सहा महिने भेटी देऊन शाळा, लसी, दाखले यात त्या कुटुंबाला मदत करायची. फॉर्मवरून फाईलला रंग मिळायचा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष हवं, लाल म्हणजे मुलांना धोका.

त्या बाईची वाडी चौक गावाच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी आहे, रस्ता सोडून अर्धा तास चालावं लागतं. सात वर्षांची मुलगी शाळेत येत नाही म्हणून त्या घराचं नाव यादीत आलं होतं. मी सकाळी अकराला पोचले. वाडीच्या तोंडाशी एका मांडवाखाली एक म्हातारा टोपली विणत बसला होता. त्याचा एक पाय लुळा होता. आजूबाजूला दहा-अकरा पोरं धुळीत खेळत होती. मी घर विचारलं. त्याने मान वर न करता एका मुलीला सांगितलं, "जा गं, बाईला घर दाव."

मुलीने एक लहान बाळ उचलून कडेवर घेतलं आणि ती पुढे निघाली. कुडाच्या घराच्या दाराला बांबूची ताटी लावलेली होती. तेव्हा कळलं की यादीतली मुलगी ती हीच, आणि बाळ तिचा दीड वर्षांचा भाऊ.

"आई कुठे गं?"

"कामावं."

"बाबा?"

"पनवेलला."

"मग घरात कोण असतं?"

तिने बंद ताटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोन नाय."

तिची आई एका फार्महाऊसवर बागेचं काम करते. दुसऱ्या वाड्यांतल्या भेटी उरकून संध्याकाळी ती परतल्यावर मी पुन्हा आले आणि तिलाही तेच विचारलं. "घरात कोन असनार?" ती म्हणाली. "समदी कामाला जातात." मी रेघेवर लिहिलं, आणि खाली शेऱ्याच्या जागेत स्वच्छ अक्षरात आणखी एक वाक्य घातलं: 'सात वर्षांची मुलगी दीड वर्षाच्या भावाला दिवसभर एकटी सांभाळते.' ते वाक्य मला फार चांगलं वाटलं होतं.

आमच्या मॅडमनाही वाटलं. त्या कर्जतमधल्या जुन्या, शिकल्या-सवरल्या घरातल्या, आणि बोलायला मऊ. आम्हा मुलींना स्वतः चहा करून देतात. "किती स्पष्ट लिहितेस गं," असं म्हणून त्यांनी फाईलवर लाल पट्टी चिकटवली. पंधरा दिवसांनी बैठक होती. दोन्ही मुलांना निवासी बालगृहात पाठवायची शिफारस करायची का, हे तिथे ठरणार होतं. "तिकडे जेवण आहे, शाळा आहे. कल्याणच होईल," मॅडम म्हणाल्या. मी मान हलवली. कौतुकाने माझं डोकं इतकं भरलेलं होतं की त्या वाक्याचा अर्थ मला बैठकीचं पत्र घेऊन वाडीत जाईपर्यंत कळला नाही.

पत्र मी मुलांच्या आईला वाचून दाखवलं. ती हातपाय धूत होती, तशीच उभी राहिली.

"पोरं एकटी असतात आसं कोनी सांगितलं?"

"तुम्हीच. घरात कोणी नसतं म्हणालात."

"घरात नसतंच. पन घरात पोरं तरी कुठं असतात?"

तिने माझं मनगट धरलं आणि मला मांडवापर्यंत ओढत नेलं. म्हातारा अजून टोपलीच विणत होता. सगळं ऐकल्यावर त्याने मला नीट पाहून घेतलं.

"ही व्हय? हिला तर मीच घर दावलं." मग मला म्हणाला, "एवढी पोरं बघून तुला काय वाटलं गं? मी जत्रा भरवलीय?"

सकाळी कामावर निघताना सात घरांच्या बाया आपापली मुलं त्याच्यापाशी सोडतात, सोबत भाकरी बांधून देतात. दुपारी जी आधी परत येईल ती सगळ्यांना जेवू घालते. विहिरीकडे जायचं नाही, हा त्याचा एकच कायदा. तो मोडणाऱ्याच्या पायावर बांबूची कामटी बसते. हे तिथे इतकं रोजचं आहे की सांगायचं असतं असं कोणालाच वाटलं नव्हतं. आणि मी तर त्याच्यासमोर उभं राहून, त्याच्याच मांडवातल्या मुलीला पुढे घालून, कुलूप नसलेल्या रिकाम्या घराकडे चालत गेले होते. भिसेगावात आई कामाला गेली की मीसुद्धा शेजारच्या काकूंच्या ओट्यावर वाढले. आमच्या घरी कोणी फॉर्म घेऊन आलं असतं तर आईनेही हेच उत्तर दिलं असतं.

मग मी विचारलं, मुलगी शाळेत का जात नाही? शाळेच्या जुन्या वाटेवर कोणीतरी जागा घेऊन तारेचं कुंपण घातलं होतं. तारेखालून गेलं की आतले दोन कुत्रे अंगावर येतात. लांबून जायचं तर मोठा रस्ता, त्यावर डंपर. आमच्या चार पानांत कुंपणाला रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितलं, "मला फॉर्म बदलायचा आहे. मी चूक लिहिलंय."

"भरलेला फॉर्म बदलत नाहीत गं. आणि चूक कुठे आहे? घरात कोणी नसतं हे खरंच आहे ना?"

"पण मांडवात आजोबा असतात."

"नात्यातले?"

"नाही."

"पायाने अधू म्हणालीस. मग?"

मी कोणाला उलट बोलत नाही. पण त्या वेळी म्हणाले, "मॅडम, तुमचा नातू पाळणाघरात जातो. तिथल्या बाई तुमच्या नात्यातल्या आहेत का?"

त्यांना राग आला नाही. त्या समजुतीने हसल्या. "ते वेगळं. तिथे नोंदणी असते."

ते हसणं मला रागापेक्षा जास्त लागलं.

बैठकीला ती आई एकटी आली नाही. सातही घरच्या बाया आल्या, आणि म्हाताऱ्याला चौक गावातल्या एका टेंपोत घालून आणलं होतं. सगळ्यांचा कामाचा दिवस बुडाला होता. टेबलामागे मॅडम आणि दोन सदस्य होते. त्यातल्या एका गृहस्थांनी तोच प्रश्न विचारला, आणि सगळ्या बाया एकदम बोलायला लागल्या.

"एकच नाव सांगा," गृहस्थ पेन धरून म्हणाले.

बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. एकच नाव कसं सांगायचं हे त्यांना खरंच कळेना. शेवटी म्हातारा म्हणाला, "लिव माजं. पन एकल्याचं नको लिवू. ह्या दुपारी नाय आल्या तर पोरं मलाच खातील."

"नातं?" गृहस्थांनी विचारलं.

 तेव्हा ती आई, जिने मला एकही खोटी गोष्ट सांगितली नव्हती, पापणी न हलवता म्हणाली, "चुलत सासरा हाय माजा."

रेघ भरली. मुलं तिच्याकडेच राहिली. फाईलवरची लाल पट्टी काढून पिवळी लावली. मी कुंपणाचं बोलायला उभी राहिले तर गृहस्थ म्हणाले, "तो आजचा विषय नाही."

नंतरचे महिने मी नियमाप्रमाणे भेटी दिल्या. ती मला बसायला गोणपाट टाकते, कोरा चहा देते. पण बोलत नाही, उत्तरं देते. पोरगी शाळेत जाते? "जाते." बाळाचं वजन? "वाढलं." घरात कोण असतं? "सासरा." आणि समोर दप्तर खुंटीला असतं, मुलगी मांडवात.

एकदा मी म्हटलं, "वहिनी, मला खरं सांगा. मी लिहिणार नाही."

"लिवायचं नाय तर इचारतीस कशाला गं?" ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

खरं बोलली म्हणून जिची मुलं जाणार होती, ती आता आम्हाला खरं का सांगेल? मी रकान्यात 'शाळेत अनियमित' असं लिहिलं, पण पुढच्या बैठकीत तिची उत्तरंच धरली गेली. फाईल हिरवी झाली. हिरव्या फाईलला भेटी नसतात. मॅडम मला म्हणाल्या, "बघ, मार्गदर्शनाचा किती फरक पडतो."

कुंपणाचा अर्ज मी ग्रामपंचायतीत माझ्या नावाने दिला आहे. वाट किती वर्षांची, मुलं किती, कुत्रे किती, सगळं लिहिलं आहे, आणि खाली सातही बायांचे अंगठे आहेत. ते घ्यायला गेले तेव्हा तिने अंगठा दिला, पण माझ्याशी बोलली नाही. पोच मिळाली आहे. तार अजून तिथेच आहे.