मुलुंडची गावपळण

जोगेश्वरीची चाळ सोडली त्या सकाळी टेम्पोत पुढे ड्रायव्हर, मधे बाबा आणि खिडकीशी शेरू असे तिघं बसले होते. शेरू म्हणजे चाळीचा कुत्रा. तो आमचा नव्हता, कुणाचाच नव्हता, पण मागे जिवंत काही राहता कामा नये असा बाबांचा हुकूम होता. म्हणून कुंडीतली तुळस निघाली, जिन्याखालची मांजर पिल्लांसकट निघाली, आणि मोरीतल्या मुंग्यांनाही बाबांनी वाकून सांगितलं, "चला गे बायांनो." मुंग्या रांगेने टेम्पोत चढल्या असं मी आजवर सांगत आलोय. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी गप्प बसावं.

आई उंबऱ्याशी डोळे पुसत होती. शेजारच्या कांबळेकाकूंच्या गळ्यात पडायला ती वळली, तर बाबा टेम्पोतून म्हणाले, "निरोप कित्याक घेतंस? गावपळणीत कोण निरोप घेता? परत येतलंव."

आणि आई निरोप न घेता टेम्पोत चढली.

मंडळी, हे आपल्या चाळीतल्या सगळ्यांसाठी लिहितोय. मानखुर्दला गेलात त्यांच्यासाठी, बोरिवलीला, टोरंटोला गेलात त्यांच्यासाठी, आणि जे मधल्या काळात थेट वरच गेले त्यांच्यासाठीही. तिथे नेटवर्क चांगलं असतं म्हणतात.

गावपळण तुम्हाला बाबांनी इतक्यांदा समजावली आहे की ती झोपेतही सांगाल. तरी टोरंटोत जन्मलेल्या पोरांसाठी एकदा सांगतो. मालवणाकडच्या आमच्या गावात दर काही वर्षांनी देव म्हणतो, आता सगळ्यांनी बाहेर व्हा, मला गाव मोकळा हवा. मग अख्खं गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्रे घेऊन शिवेबाहेर जातं. माळावर खोपी बांधतं. गावात दिवा नाही, चुलीचा धूर नाही, माणूस नाही. तीन रात्री झाल्या की देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर परत या. नाही पडली तर रहा अजून, देवाचं काम उरकलेलं नाही.

आमचे बाबा तर गावपळणीतच जन्मले. शिवेबाहेर, खोपीत, दोन बैल आणि एका बोकडाच्या साक्षीने. बोकडानेच सुईणपण केलं असं माझे काका सांगायचे. वाढवून सांगणं आमच्याकडे रक्तातूनच येतं, मी फक्त त्याचा व्यवसाय केला. टूर कंपनीत आहे मी. लोकांना आल्प्स दाखवतो आणि आमच्या मेघवाडीच्या टेकडीपेक्षा किंचित लहान आहे म्हणून सांगतो.

तर 'स्कॅटर' हा शब्द. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा गणपतीच्या मंडपात मीटिंग झाली, आठवतं ना? बिल्डरचा एक गोरागोमटा सल्लागार आला होता, हातात लाल ठिपका पाडणारं पेन. पडद्यावर टॉवरचं चित्र. चित्रात झाडं इतकी की टॉवर जोगेश्वरीत आहे की काझीरंगात, कळेना. सगळं गोड बोलून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "ऑफ कोर्स, काही वर्षं यू विल बी स्कॅटर्ड."

कांबळेकाकूंनी मला कोपराने ढोसलं. "स्कॅटर म्हंजे काय रे? तू तर इंग्लंडला जाऊन आलाय."

"भेळवाल्याच्या हातून कुरमुरे सांडतात ना काकू, तसं."

"मग सांडलेले कुरमुरे परत भरतो का तो?"

"बघणारं कोणी नसलं तर भरतो."

लोक हसले, पण कोरडंच हसले. सावंतांच्या पम्याने मोबाइलवर शोधून मोठ्याने अर्थ वाचला, विखुरणे, पांगणे, इतस्ततः होणे. 'इतस्ततः' ऐकल्यावर दोन म्हाताऱ्या रडायलाच लागल्या. तेव्हा बाबा उठले. मिलमध्ये आयुष्यभर यंत्रांच्या वर आवाज काढलेला माणूस, माइक त्यांना लागत नाही. म्हणाले, "घाबरतात कित्याक? ही गावपळण. जावचा, रवचा, कौल झालो की परत येवचा."

त्यांनी मग सगळी प्रथा अशी काही रंगवून सांगितली की सल्लागारसुद्धा पेन बंद करून खाली बसला. बीडकडच्या कांबळेकाकू, ज्यांचा कोकणातल्या देवाशी काडीचा संबंध नाही, त्याही म्हणाल्या, "असं असंल तर ठीक हाय भाऊ. देवाला जागा पाहिजे, नाहीतर बिल्डरला. यायचं तर परत हाय ना?" त्या संध्याकाळी सगळ्यांनी सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव बदललं, 'स्कॅटर मंडळ'.

फक्त एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. गावपळणीत गाव रिकामं होतं, पण माणसं एकाच माळावर असतात. याची चूल त्याच्या चुलीला लागून. आपण मात्र ज्याला जिथे भाडं परवडलं तिथे गेलो. गाव पळालं, पण माळ नव्हता.

आमच्या वाट्याला मुलुंड आलं. जोगेश्वरीच्या माणसाला मुलुंड म्हणजे परदेशच. भाषा वेगळी, हवामान वेगळं, थंडीत तिथे बर्फ पडतो असं मी चाळीत सांगून ठेवलं होतं. सातवा मजला. खाली वॉचमन, वॉचमनकडे ॲप. कोणी भेटायला आलं की फोनवर विचारतो, "अलाउ करूँ क्या?" पहिल्या दिवशी बाबांचीच चौकशी आली. ते खाली दूध आणायला गेले होते आणि आई मेसेज उघडेना. बाबा लॉबीत शेरूला घेऊन उभे, परकीय विमानतळावर अडकलेल्या प्रवाशासारखे.

घर चांगलं होतं, पण बाबांनी खोकी उघडू दिली नाहीत. "खोपीत कोण संसार मांडता?" चार ताटं, दोन पातेली, अंथरुणं. भिंतीवर खिळा ठोकायचा नाही. चाळीतलं लंबकाचं घड्याळ जमिनीवर, भिंतीला टेकून. वेळ बघायची तर मान वाकवावी लागायची. माझी मुलगी ईरा त्या घरात वाढली, तिला बरीच वर्षं वाटायचं की घड्याळं जमिनीवरच ठेवतात.

बाबांचं सगळं आयुष्य मग गॅलरीत गेलं. समोर नॅशनल पार्कचे डोंगर. मुलुंडहून बघितलं तर त्या डोंगरांच्या पल्याड बोरिवली, आणि तिथून डावीकडे खाली उतरत गेलं की जोगेश्वरी. बाबांनी त्या डोंगरालाच शीव ठरवलं. सकाळी धुकं असलं की म्हणायचे, सावंतांकडे आंघोळीचं पाणी तापतंय. संध्याकाळी ऊन कलंडलं की डोंगराची कड केशरी व्हायची, आणि त्यांना चाळीच्या गच्चीवरची वाळत घातलेली लुगडी दिसायची. मी म्हणायचो, दिसतायत. मलाही दिसायची. एकदा पलीकडून बिबट्या आल्याची बातमी झाली तर बाबा चौकशीच्या सुरात म्हणाले, "तेका इचारूक होया, आमची मोरी आसा काय पडली." बिबट्या कुठूनही कुठे जातो, त्याला ॲग्रीमेंट लागत नाही.

इकडे 'स्कॅटर' शब्द घरात रुळला. बायको स्मिता म्हणते, मोजे स्कॅटर करू नकोस. ग्रुपवर सकाळी पम्या टोरंटोहून लिहितो, "काय स्कॅटर, जेवलात काय?" आणि एक दिवस ईरा शाळेतून आली ती थेट आजोबांकडे. "आजोबा, आकाश निळं का असतं माहितीये? लाइट स्कॅटर होतो म्हणून. नाहीतर दिवसासुद्धा काळं दिसलं असतं."

बाबांनी मान वर केली. "म्हणजे ह्या सगळा निळा पांगल्यामुळे?"

"हो."

"आणि तो उजेड परत खंय जाता?"

"परत नाही जात आजोबा. इकडेतिकडेच राहतो."

त्या दिवशी बाबा चहाला आत आले नाहीत.

मग टॉवर झाला. चाव्या मिळणार असं पत्र आलं आणि ग्रुपवर नारळ, फटाके, नाचणारी अस्वलं यांचा पूर आला. पण फोनवर एकेकजण हळू आवाजात बोलायला लागला. सावंतांनी विकायचं ठरवलं होतं, पम्या काही यायचा नाही आणि त्यांचा बोरिवलीतला डॉक्टर सुटत नव्हता. कांबळेकाकूंच्या मुलीची नोकरी ट्रॉम्ब्याला, नातू मानखुर्दच्या शाळेत. आमचं काय वेगळं होतं? ईराची शाळा मुलुंडला, स्मिताचं ऑफिस ठाण्याला. आम्हीही जोगेश्वरीची जागा भाड्याने देणार होतो. हे बाबांना कोण सांगणार, हाच काय तो घरातला विषय होता. आई म्हणायची, तू सांग. मी म्हणायचो, आल्प्सबद्दल काही असेल तर सांगतो.

बाबा वेगळ्याच घाईत होते. "कौल होयो. कौलाशिवाय शिवेत पाय ठेवचो नाय." मालवणला जायची त्यांची तब्येत नव्हती, म्हणून गावातला माझा चुलतभाऊ बाळग्या फोन घेऊन देवळात उभा राहिला. आम्ही सगळे मुलुंडच्या हॉलमध्ये, अनवाणी, टीव्हीसमोर. शेरूसुद्धा कान टवकारून. टीव्हीवर देव. गुरवाने पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां मुंबयक पांगली..." बाबा हात जोडून इथून म्हणाले, "होय म्हाराजा." उजवी पाकळी थरथरली, सुटली आणि हवेतच थांबली. नेटवर्क गेलं.

देवाच्या आणि जमिनीच्या मधे पाकळी, तिच्यावर गोल गोल फिरणारं चक्र. कोणी हलेना. बायकोने राउटर चालू-बंद केला, मी उगाच गॅलरीत जाऊन हात वर केले. आई पुटपुटली, "देवाक पण रेंज नाय."

"देव इचार करता," बाबा म्हणाले.

शेवटी बाळग्याचा मेसेज आला, उजवो कौल. बाबांच्या चेहऱ्यावर गिरणी सुटल्याचा भोंगा वाजल्यासारखं काहीतरी झालं.

रविवारी सगळे टॉवरच्या फाटकाशी जमले. बाबांची अट होती, शिरायचं एकदम. कांबळेकाकू धपाट्यांचा डबा घेऊन आल्या. सावंत मुलाला फोनवर धरून आले. टोरंटोत तेव्हा अंधार होता, पम्या चष्मा न लावलेल्या डोळ्यांनी आमच्याकडे बघत होता. नव्या वॉचमनने विचारलं, "किसके यहाँ जाना है?"

बाबा म्हणाले, "घराकडे."

लिफ्टने आम्ही चढलो, आणि लिफ्टनेच आम्हाला मजल्यामजल्यावर वेचून बाहेर टाकलं. ज्याने त्याने आपलं दार उघडलं, आत गेला, दार आपोआप बंद झालं. अकराव्या मजल्यावरच्या पांढऱ्या खोलीत आम्ही उभे. चुन्याचा वास. बाबा खिडकीशी गेले. गावपळणीहून परतल्यावर आधी घराघरातून धूर निघतो, तो ते शोधत होते. बाहेर दुसऱ्या टॉवरची काच, काचेत आमचीच खिडकी, आणि खिडकीत एक म्हातारा.

मग फोन वाजला. कांबळेकाकू. "भाऊ, तुमचं दार कोन्तं? समदी सारखीच दिसायलीत. हरवले बघा मी."

मी त्यांना घेऊन आलो. त्यांच्यामागे सावंत आले, मग चौथ्यावरचे, मग आणखी कोण कोण. शेवटी सगळी चाळ आमच्या एका खोलीत जमिनीवर बसली, मधे धपाटे, भिंतीला टेकवलेला पम्या. खाता खाता सगळ्यांनी एकेक करून सांगून टाकलं. कोण विकतोय, कोण भाड्याने देतोय. मीही सांगितलं, धपाट्याकडे बघत.

बाबांनी घास खाली ठेवला. "मगे कौल कित्याक घेतलो?"

कांबळेकाकूंनी त्यांच्या ताटात लोणचं वाढलं. "भाऊ, देवानं आत यायचा कौल दिला. तुम्ही ऱ्हायचा मागितलाच कुठं?"

आई भिंतीला टेकून बसली होती. ती कधी चारचौघांत बाबांना उलटून बोलत नाही. त्या दिवशी हळूच बोलली. "तुमी तरी गावात खंय जल्मलात? खोपीतलेच ना?"

बाबा धपाटं उचलून खायला लागले. निघताना आई कांबळेकाकूंच्या गळ्यात पडली, चांगली पोटभर. या वेळी बाबांनी अडवलं नाही. जिन्यात उभे राहून वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी मुलुंडला मला ठोकण्याच्या आवाजाने जाग आली. हॉलमध्ये खोकी फोडलेली, पितळेची भांडी जमिनीवर पसरलेली, आणि बाबा स्टुलावर, हातात हातोडा.

"बाबा, ॲग्रीमेंटमध्ये खिळा नाही म्हटलंय. मालकाला काय सांगू?"

"सांग तेका," बाबा भिंतीकडेच बघत म्हणाले, "हंयच रवतंव."

तर मंडळी, घर कुठलं असं आता कोणी विचारलं तर मी डोंगराच्या दोन्ही बाजूंना हात दाखवतो. माणूस वैतागून निघून जातो. तुम्ही मुलुंडला या, वॉचमनला अलाउ म्हणून सांगून ठेवलंय. घड्याळ भिंतीवर आहे. किंचित वाकडं, जोगेश्वरीकडे कललेलं, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. बाबा म्हणतात, घड्याळ सरळ आहे, भिंतच वाकडी आहे.