दाढ काढून आलो आणि गुळण्या करून बसलो

मित्रांनो, तोंडात कापसाचा बोळा आहे म्हणून टाइप करतोय. फोन करू नका, प्लीज.

सकाळी गंगापूर रोडला अक्कलदाढ काढली. भूल दिल्यामुळे दुखलं नाही, फक्त आख्खी कवटी हलल्यासारखी वाटली. डॉक्टरांनी बजावलं होतं, बोळा तासभर दाबून ठेवा. आज थुंकायचं नाही, गुळण्या नाहीत, गरम काही नाही.

घरी आलो तर आई घोटीहून हजर. हातात मिठाच्या कोमट पाण्याचा तांब्या. "थुंक बाबा, घाण रक्त हाय ते. पोटात गेलं तर लय बाधंल."

मी हातवारे करून नाही म्हणत होतो. तिला वाटलं, दुखतंय. पाठीवरून हात फिरवायला लागली. मग काय, केल्या गुळण्या. चांगल्या पाच-सहा.

रक्त थांबेचना. बेसिन लाल, बनियन लाल, मी पांढरा. बायकोने डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला. "थुंकलात ना? अहो, जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी धुऊन टाकलीत तुम्ही. नवा बोळा घट्ट दाबा. अर्ध्या तासात थांबलं नाही तर लगेच या."

वीस मिनिटं झालीत. बायको रिक्षा बघायला खाली गेलीय. आई समोर बसून रडतेय. 'तुझी चूक नाही' एवढंच तिला सांगायचंय, पण तोंड उघडता येत नाही. लिहून दाखवलं, तर तिचा चष्मा घोटीलाच राहिलाय.

ज्यांची दाढ काढून झालीय त्यांनी सांगा, थांबतं ना हे? खोटं सांगणार असाल तरी 'हो'च लिहा.