वाकळ शिवणाऱ्या म्हातारीची गोष्ट

ती मुलगी एक वाक्य बोलायची आणि थांबायची. अडखळायची नाही, घाबरायची नाही, वर छताकडे बघून आठवायचीही नाही. नुसती माझ्याकडे बघत उभी राहायची. त्या बघण्याचा अर्थ मला कधी लागला नाही, आणि अर्थ लागला नाही की मी चिडते. हा माझा जुना दोष आहे.

कडेगाव तालुक्यातल्या एका लहान गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. मूळची मी सांगलीची, दुकानदाराच्या घरातली. आमच्याकडे दिवसभर गिऱ्हाइकांशीच एवढं बोलणं व्हायचं की घरात बोलायला कुणाकडे काही उरायचं नाही. गोष्टी मी पुस्तकांत वाचल्या, एकटीने, मनातल्या मनात.

ती मुलगी तिसरीत होती. पहिली-दुसरीची दोन वर्षं तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. हजेरीला हात वर करायची, एवढंच. मुख्याध्यापक म्हणायचे, हिला कुठेतरी तपासून घ्यायला सांगा. मराठीच्या तासाला आम्ही उपमा शिकत होतो, कशाला कशासारखं म्हणायचं ते. मुलांना मी सांगितलं, घरून एक जुनी गोष्ट ऐकून या आणि तिच्यातल्या उपमा शोधा. दुसऱ्या दिवशी ही उठली आणि बोलायला लागली. माझ्या हातातला खडू तसाच राहिला.

गोष्ट तिच्या आजोबांची होती. एक म्हातारी वाकळ, म्हणजे जुन्या कपड्यांची गोधडी, शिवत बसलेली असते. वाघ येतो, म्हणतो तुला खातो. म्हातारी म्हणते, खा बाबा, पण एवढं ठिगळ लावू दे. एक ठिगळ झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. वाघ बसतो जांभया देत. त्याचे डोळे 'चुलवाणातल्या इंगळावानी' लाल, म्हणजे चुलीतल्या निखाऱ्यांसारखे. शेवटी गार वारा सुटतो, वाघ त्याच वाकळेत शिरून झोपतो आणि म्हातारी कडेने टाके घालून त्याला आत शिवून टाकते.

मला गोष्ट लय आवडली. पण हे ऐकायला मला अर्धा तास लागला, कारण प्रत्येक वाक्याला ती थांबत होती. वर्ग एकदम शांत होता. हाताची घडी, तोंडावर बोट. ही शिस्त मीच लावलेली आणि तिचा मला अभिमान होता. ती थांबली की मी म्हणायचे, "हं, पुढे?" मग ती पुढे जायची.

तालुक्याच्या कथाकथन स्पर्धेला मी तिचं नाव दिलं. मुख्याध्यापक म्हणाले, बघा बुवा, तुमच्या जबाबदारीवर. मला एकच हवं होतं: या पोरीला बोलता येतं हे चार लोकांनी बघावं, म्हणजे तिच्या डोक्यात काही कमी आहे ही कुजबुज बंद होईल. आणि खरं सांगायचं तर ते माझ्यामुळे झालं, हेही दिसायला हवं होतं.

मग मी गोष्टीला हात घातला. स्पर्धेत आलंकारिक भाषेला वेगळे गुण होते. मी 'रत्नांसारखे डोळे' घातलं, 'रेशमासारखी मऊ वाकळ' घातलं. तिने सगळं पाठ केलं. फक्त रत्नांसारखे म्हटल्यावर हळूच 'इंगळावानी'सुद्धा म्हणायची, जणू माझ्या चुकीवर पांघरूण घालत होती. मी एकदा रागावले, दोनदा रागावले, मग सोडून दिलं. पण थांबणं काही जात नव्हतं. "हं, पुढे बोल," म्हटलं की गाडी चालू, नाहीतर उभी. पाठांतर पक्कं आहे, मग हिला ढकलावं का लागतं? मी दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाताही तोच विचार करायचे. शेवटी ठरवलं, लाजते आहे. माईक हातात आला की सुटेल.

स्पर्धेच्या दिवशी सभागृहात सातआठ शाळा होत्या. परीक्षकांनी नियम वाचून दाखवला: शिक्षकांनी खालून खूण किंवा मदत केली तर स्पर्धक बाद. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. ती स्टेजवर आली, नमस्कार केला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "एक होती म्हातारी."

आणि थांबली.

तिने मला शोधलं. आमची नजरानजर झाली. परीक्षकांपैकी एकजण वळून मी काही खाणाखुणा करते का ते बघत होते. मी घाईने मान खाली घातली आणि पर्सची चेन लावत बसले. सभागृहात पंखे तेवढे ऐकू येत होते. मी मनात म्हणत होते, बोल गं बाई, बोल. किती वेळ गेला कळलं नाही. मान वर केली तेव्हा ती पायऱ्या उतरत होती. परतीच्या गाडीत ती खिडकीतून ऊस बघत बसली आणि मी माझ्या रागाचं काय करायचं ते न कळून पर्सची चेन उघडत-लावत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिचे आजोबा शाळेत आले. फौजेतून निवृत्त झालेले, ताठ गृहस्थ. मला वाटलं भांडायला आले.

त्यांनी विचारलं, "बाई, हुंकार कोन देत व्हतं?"

"कसला हुंकार?"

"आवं, गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यानं हूं म्हनायचं असतंय. आमच्याकडं हूं आला न्हाई की सांगणारा थांबतो. ऐकणारा हाय का झोपला, कसं कळायचं?"

मी म्हणाले, "सगळे शांत बसले होते आजोबा. चांगलं ऐकत होते."

"व्हय, पर तिला कसं कळावं?"

इतके दिवस माझं 'हं, पुढे' तिला काय वाटत होतं, ते आत्ता कुठे माझ्या डोक्यात शिरलं. मी चिडून म्हणत होते आणि ती समजत होती की बाई ऐकताहेत. नियम पाळला म्हणून मी चुकले, की नियमच चुकीचा, की पहिल्याच दिवशी तिला सरळ विचारायला हवं होतं, तू का थांबतेस? मला अजूनही नीट सांगता येत नाही.

मधल्या सुट्टीत मी तिच्याजवळ जाऊन खाली बसले. म्हटलं, "म्हातारीची गोष्ट सांग की. मी हूं म्हणते. प्रत्येक वाक्याला म्हणते."

तिने डब्याचं झाकण लावलं. गोष्ट सोडून ती माझ्याशी आपणहून कधी काही बोललेली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा बोलली.

"बाई, काल तुमी खाली बघितलं."