मक्याचं वाण निवडताना

भात झोडून झालं, आणि आम्ही दोघं खेडला मक्याचं बियाणं आणायला गेलो. आमच्या खाचरात पहिल्यांदाच मका होणार होता... तोही दाण्यासाठी, माझ्या गावठी कोंबड्यांना.

बाहेरून खाद्य आणून परवडेना. यंदा घरचा दाणा पिकला नाही तर कोंबड्या विकायच्या, असं आमचं ठरलेलं.

दुकानात यांची नजर एका पाकिटावर खिळली. हायब्रीड, हातभर लांब कणसाचा फोटो. "हेच घेऊया गो!"

दुकानदारांनी विचारलं, "वहिनी, विहीर शिमग्यापर्यंत पुरते?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. नाही पुरत.

"मग हे लवकर येणारं घ्या. कणीस थोडं लहान, पण पाणी आटायच्या आत भरेल. ते मोठं वाण उशिरा तयार होतं."

लवकर येणारंच घेतलं, पण निघताना हे पुन्हा त्या फोटोकडे वळून बघत होते. मलाही ते मोठं कणीस डोळ्यांसमोरून जाईना...

पण मका उगवला आणि सगळं विसरले. सकाळी धुक्यात नुसते तुरे दिसायचे, हलके हलके डोलणारे. हे लोट्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीतून नाइट करून आले की घरात न शिरता थेट मक्यात शिरायचे. दिसायचे नाहीत, फक्त पानं हलायची... त्यावरून मी ओळखायची, आता इथे आहेत, आता तिथे.

यंदा विहीर नेहमीपेक्षा आधीच खाली गेली. शेवटचं पाणी दिलं तेव्हा दाण्यात नुकतंच दूध भरत होतं. पुढे रोज वाटायचं, सुकतंय की पिकतंय?

परवा रविवारी एक कणीस सोललं. लहानच होतं. पण बुडापासून शेंड्यापर्यंत पिवळेधमक दाणे, एकही जागा रिकामी नाही! एक दाणा काढून पाहिला. बुडाशी काळा ठिपका... म्हणजे पूर्ण पिकलेला.

"काय गो, भरलंय?" यांनी बांधावरून विचारलं.

मी कणीस नुसतं वर धरलं. हे हसले, आणि तिथेच सावलीला आडवे झाले. क्षणात झोपलेसुद्धा.

वाळलेली पानं वाऱ्यावर सळसळत होती. मी शेजारी बसून राहिले, कितीतरी वेळ... देवाकडे काहीतरी मागावं म्हटलं, तर काही आठवेचना.