खऱ्या नावांची बातमी

दुपारची जेवणं झाली आहेत, म्हणजे आम्ही दोघींनी जेवल्यासारखं केलं आहे. मी कॉटवर आडवी आहे, फोन छातीवर उपडा. डोळे मिटले की त्यावर आलेल्या क्लिपमधला माणूस पुन्हा बोलू लागतो. माझ्या मुलाच्या, हर्षदच्या जहाजाचं नाव, कप्तानाचं नाव, कुठल्या बंदरातून निघालं, सगळं बिनचूक. "साताऱ्याचा हर्षद घोरपडे," असंही म्हणतो. आणि मग त्याच शांत आवाजात सांगतो, जहाजावर क्षेपणास्त्र पडलं, कुणी वाचलं नाही, सरकार लपवतंय.

कंपनीचा माणूस कालपासून एवढंच सांगतोय की संपर्क तुटलाय. माझ्या सुनेला, अनुजाला, तेवढंच माहीत आहे. ही क्लिप तिला ऐकवू की नको? ती गच्चीवर कपडे वाळत घालतेय.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून जन्म गेला, त्यामुळे आवाजावरून माणूस ओळखायची मला भारी खोड. हा आवाज मात्र ओळखीचा वाटतो आणि कुणाचाच वाटत नाही.

"बारीक कर की गं जरा त्यो आवाज," कुणीतरी म्हणतं.

हौसाआत्या. माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि ते मला झोपेतही ठाऊक आहे, पण तोंडावर कसं म्हणायचं? ती माझ्या पायथ्याशी बसली आहे. कॉट आता वाण्याच्या दुकानातलं बाकडं आहे, गुळाचा वास येतोय, दार अर्धं ओढून घेतलंय. दुसरं महायुद्ध चालू आहे. आत्याचे यजमान आफ्रिकेच्या वाळवंटात लढतायत. फळीवरच्या रेडिओत वाण्यानं चोरून शत्रूचं स्टेशन लावलंय, आणि तिथून एक माणूस स्वच्छ मराठीत कैद झालेल्या शिपायांची नावं वाचतोय.

"शत्रूचा रेडिओ कशाला ऐकता गं?"

"आपला रेडिओ कुनाचं नाव सांगत न्हवता. ह्यो सांगायचा. बापाचं नाव, गावाचं नाव. मालकांच्याच तुकडीतला साबळ्यांचा यशवंता सापडलाय, खुशाल हाय म्हनला, आन फुडं यशवंताचं कार्डच आलं की! मग का न्हाई इस्वास ठेवायचा?"

खरंच, का नाही? पण याला नावं मिळतात कुठून? माझ्याच्यानं राहवत नाही. दुकानाचं मागचं दार ढकलते तर त्या रेडिओवरच्या माणसाची खोली लागते. खिडकीबाहेर बर्फ. गळ्यात मफलर, पुढ्यात माईक आणि कागद.

"नावं कुठून आणता?" मी विचारते.

"कैदीच देतात. आनंदानं. घरी कळावं म्हणून."

"खरी असतात?"

"अगदी खरी. मी पुन्हा पुन्हा तपासतो. नाव चुकलं तर ऐकणार कोण, बाई?"

"आणि बाकीचं?"

तो ओशाळतो. "बाकीचं मला लिहून येतं."

मग तो माईककडे वळून पुढचं वाचतो: यशवंताच्या तुकडीतले उरलेले सगळे वाळूखाली गेले, गोरे साहेब त्यांना टाकून पळाले. एक्स्चेंजमध्ये एका लाइनीवरून दुसरीवर जाताना खट् असा बारीक आवाज होतो, तो माझ्या कानांतून कधी सुटत नाही. खरं संपून खोटं कुठं सुरू झालं ते मी कान देऊन ऐकते. खट् होतच नाही.

मागे वळते तर आत्या तिच्या घराच्या उंबऱ्यात बसली आहे. कपाळ मोकळं, हात मोकळे.

"सासूनं त्याच सांजंला बांगड्या फोडल्या."

"तार नाही, सरकारी कागद नाही. थांबा म्हणून कुणीच म्हणालं नाही?"

"वाट बघनं लई जड असतंय, शालन. रडाय तरी मिळालं." मग ती एकदम खुदकन हसते. "लढाई संपली आन मालक आलं. दारात हुबं ऱ्हायलं. माझ्या कपाळाकडं बघितलं आन म्हनलं, कोन गेलं गं?"

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हननार? तुमी!"

आम्ही दोघी हसतो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"ते आल्याचं त्या रेडिओनं कदी सांगितलं न्हाई," ती डोळे पुसते. "मी मरस्तंवर बायका मला हळदीकुंकवाला बोलवाय बिचकायच्या. हिनं येकदा कुक्कू पुसलंय, म्हनायच्या."

मी तिचा हात घट्ट धरते. "म्हणजे हर्षदची बातमीही खोटीच ना गं?"

"मला काय ठावं? खोटी हाय आसंबी म्हनू नगंस. ठावं न्हाई, म्हन. मला तेवढं म्हनता आलं न्हाई."

"पण तू तिकडचीच आहेस ना आता? बघून सांग. आलाय का तिथं माझा हर्षद?"

आत्या माझ्या हातातून हात सोडवून घेते. तिचा मला राग येतो.

"आन मी सांगितलं तर ठेवशील इस्वास?" ती हळूच म्हणते. "का? आवाज वळखीचा हाय म्हनून?"

ती तळहात उघडते, त्यात चिमूटभर कुंकू आहे. कपाळ पुढे करते. "तू तरी लाव."

मी लावते.

"आई."

दारात अनुजा उभी आहे. ओले हात, हातात फोन, ओठ पांढरे पडलेले. "आई, एक क्लिप आलीय. यात सगळं खरं आहे हो. कॅप्टनचं नावसुद्धा."

मी उठून बसते. उजव्या हाताचं बोट लालभडक आहे. देवघरातला कुंकवाचा करंडा मी आज उघडलेलाच नाही.

"ये, बस इथं," मी म्हणते. "नाव खरं आहे. पुढचं आपल्याला माहीत नाही."

"पण आई, तो म्हणतोय की..."

"माहीत नाही, अनुजा. तुलाही नाही, मलाही नाही. वाट बघू."

ती बसते आणि हमसून रडू लागते. मी तिचं मनगट धरून ठेवते. सोडते तेव्हा बांगड्यांच्या वर, तिच्या गोऱ्या कातडीवर, माझ्या बोटाचा लाल ठसा उमटलेला असतो.