भाऊजींच्या हाती लागलेला निकाल

कुणाला सापाची भीती वाटते, कुणाला चोराची. माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला दिल्लीतल्या न्यायमूर्तींची वाटायची. ते कुठल्याही क्षणी कायद्याचा अर्थ बदलून टाकतील आणि आपण नाशिकच्या कोर्टात उभं राहून कालचाच कायदा सांगत बसू, या धास्तीत भाऊजींनी सगळी वकिली केली. लग्नाआधी मी सरकारी कचेरीत टायपिस्ट होते आणि रविवार कारंज्याजवळ ताईकडेच राहायचे. त्यामुळे ही धास्ती मी फार जवळून पाहिली. मुंबईच्या आणि दिल्लीच्या कोर्टांचे निकाल छापणारे अंक तेव्हा टपालाने यायचे, आणि येईपर्यंत निकाल लागून महिने उलटलेले असायचे. "म्हणजे बघ," भाऊजी मला सांगायचे, "आत्ता मी जे खरं समजतोय, ते दिवाळीपासूनच खोटं असेल." हे ते नेमके जेवताना सांगायचे, आणि मग त्यांच्याच घशाखाली घास उतरत नसे.

पोस्टमनवर त्यांचं प्रेम होतं की संशय, हे सांगणं अवघड. एकदा तो तापाने पडला, तर भाऊजी मोसंबी घेऊन पंचवटीत त्याच्या घरी गेले, कपाळाला हात लावून पाहिला, औषधाची चौकशी केली आणि उठता उठता हळूच म्हणाले, "थैलीत काही राहिलं नाही ना?" अंक हातात पडला की दारातच उभं राहून वाचायचे, चपला काढायचं भान नसे. नव्या निकालाने एखादा जुना निकाल मोडीत काढला की कपाटातून जुना ग्रंथ काढायचा आणि त्या पानावर चिठ्ठी डकवायची: 'हे आता चालत नाही.' चिठ्ठ्यांना खळ लागे, खळीला ताईची कणीक लागे आणि कणकेमागून झुरळं येत. पुस्तकं अशी फुगली होती की कपाटाची दारं लागेनात. "कायदा वाढतोय," भाऊजी म्हणत. "झुरळं वाढताहेत," ताई म्हणे.

कोर्टातल्या वकिलांच्या खोलीतही अंक येत, पण हवा तो अंक नेहमी कुणीतरी घरी नेलेला असे. मग संक्रांतीला भाऊजी ताईला आग्रहाने वकिलांच्या बायकांकडे हळदीकुंकवाला धाडायचे आणि बैठकीतल्या टेबलावर कुठला अंक पडलाय ते बघून यायला सांगायचे. माझ्या लग्नात तर दोन मंगलाष्टकांच्या मध्ये त्यांनी माझ्या मुंबईच्या चुलतसासऱ्यांना गाठलं. ते हायकोर्टात वकील. "या आठवड्यात नवीन काही?" असं भाऊजींनी विचारलं, तेव्हा अंतरपाटाअलीकडे उभ्या असलेल्या मलाही ते ऐकू गेलं.

पण मला सांगायचंय ते साळवेबाईंच्या केसबद्दल. ती माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. साळवेबाई नाशिकरोडच्या एका खासगी शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांच्या वस्तीतल्या त्या पहिल्याच शिक्षिका. घरात आई आणि शिकणारा धाकटा भाऊ, आणि कमावत्या या एकट्याच. एके दिवशी संस्थेने त्यांना सांगितलं, तुमची नेमणूक तात्पुरती होती, उद्यापासून येऊ नका. एका संचालकाच्या सुनेसाठी जागा करायची होती, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. पण साक्ष कोण देणार? भाऊजींनी अंक पालथे घालून मुंबईच्या कोर्टाचा एक निकाल शोधून काढला. सुरुवातीची मुदत संपल्यावरही शिक्षकाला कामावर ठेवलं असेल, तर तो आपोआप कायम झाला, असा तो निकाल. बाईंच्या मापाने शिवल्यासारखा! समोरच्या वकिलांना उत्तर सुचलं नाही. न्यायाधीश म्हणाले, सोमवारी निकाल देतो. त्या संध्याकाळी ताईने शिरा केला आणि भाऊजींनी तो चक्क मागून घेतला.

शनिवारी नवा अंक आला.

मी खिडकीशी भाऊजींचे कागद टाइप करत होते. दारातून येणारा पानं उलटण्याचा आवाज एकाएकी थांबला. भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"गेला," ते म्हणाले.

ताई ओल्या हातांनी धावत आली. "अगं बाई, कोण गेलं?"

"माझा निकाल."

दिल्लीच्या कोर्टाने तो फिरवला होता. आपोआप कुणी कायम होत नाही. त्याचं काम समाधानकारक होतं का, हे आधी बघायला हवं, असं आता ठरलं होतं. मी विचारलं, "समोरच्या वकिलांना माहीत असेल?"

"ते अंकाचं वेष्टनसुद्धा फोडत नाहीत."

"मग कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," असं म्हणून भाऊजी चपलांसकट पाटावर बसले.

रविवारी त्यांनी साळवेबाईंना बोलावून घेतलं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "कोर्टातल्या साहेबांना हे ठाऊक नाही?"

"नाही."

"समोरच्यांना?"

"नाही."

"मग तुम्हालाच का कळलं?"

बाईंचा आवाज चढला. "बाकीचे वकील वाचत नाहीत, त्यांच्या पक्षकारांचं बरं चाललंय. मी मुद्दाम तुमच्याकडे आले, कारण तुम्ही वाचता म्हणून!"

ताईने उघड त्यांची बाजू घेतली. "अहो, टपालात गहाळ झाला समजा हा अंक."

"गहाळ होईल म्हणून इतकी वर्षं जीव टाकला, आणि आलेला मी गहाळ करू?" भाऊजी बाईंकडे वळले. "उद्या जिंकलो तरी ते अपिलात जातील. तिथे कुणीतरी वाचलेलं असेलच. आणि कुणी वाचलेलं नसलं, तरी मी साहेबांना जे सांगितलंय ते आता खरं राहिलेलं नाही. तुम्हाला दुसरा वकील करायचा असेल तर आत्ता कागद देतो."

बाई चहा तसाच ठेवून उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "उद्या येते कोर्टात. तुम्ही हे सांगताना मला बघायचंय."

सोमवारी रजा टाकून मीही गेले. भाऊजी उभे राहिले आणि अंक पुढे करून म्हणाले, "साहेब, मी दाखवलेला निकाल आता चालत नाही." समोरचे वकील गोंधळून आपल्याच कागदांत शोधू लागले. न्यायाधीशांनी पानं वाचली, चष्म्यावरून पाहिलं. "हे तुम्ही का देताय मला?"

"कळलं म्हणून, साहेब."

साळवेबाई मागच्या बाकावर ताठ बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

त्या दिवशी निकाल लागला नाही. बाईंचं काम कसं होतं याचे पुरावे, उलटतपासण्या, तारखा असं सगळं नव्याने सुरू झालं. शेवटी संस्था तडजोडीला आली आणि बाईंना आपल्या निफाडच्या शाळेत घेतलं. मधल्या काळाचा पगार मात्र नाही. तडजोडीवर सही करून बाई भाऊजींशी एक शब्द न बोलता निघून गेल्या. रोज एस.टी.ने निफाड गाठायचं त्यांच्या नशिबी आलं. भाऊजी ताईला कितीतरी दिवस विचारत, "मी तिची नोकरी वाचवली की घालवली?" आणि ताई म्हणे, "जेवा आता."

पुढे मी लग्न होऊन इंदिरानगरला राहायला गेले. भाऊजींची दृष्टी मंदावली, कोर्टात जाणं थांबलं, पण अंक यायचे थांबले नाहीत. ते भिंग धरून वाचत, नाहीतर मी गेले की मला वाचायला लावत. अशीच एका दुपारी मी वाचत होते, तर दारात साळवेबाई! केस पिकलेले, खांद्याला शाळेची झोळी. भावाच्या घराच्या जागेवरून तंटा उभा राहिला होता. कागद पुढे ठेवून त्या म्हणाल्या, "बऱ्याच वकिलांकडे जाऊन आले. सगळे म्हणतात, काळजी करू नका. मला काळजी करणारा माणूस हवाय. आमच्या विरुद्ध काही सापडलं तर तेही सांगा, पण आधी मला सांगा."

भाऊजींनी कागद भिंगाखाली धरले. मग कसंबसं म्हणाले, "कोर्टात उभं राहणं आता होत नाही. आणि मला दिसत नाही हो नीट."

"उभा राहणारा मिळेल. शोधायचं काम तुमचं. मी वाचून दाखवीन. शनिवारी आमची शाळा सकाळचीच असते."

त्यानंतर मी शनिवारी गेले की त्या दोघांना बघायचे. बाई वर्गात धडा वाचावा तशा खणखणीत आवाजात निकाल वाचायच्या. मधेच भाऊजी दचकून हात वर करायचे, "थांबा! ते वाक्य पुन्हा." बाई पुन्हा वाचायच्या, आणि वाचून झाल्यावर स्वतःच चिंतेने विचारायच्या, "हे आपल्या विरुद्ध तर नाही ना जात?" इतकी वर्षं भाऊजी एकटेच घाबरत आले होते.