हात न लावायचा भाग

माकुणसारात रामनाथ चुरीला कुणी ‘एम.कॉम.’ म्हणून हाक मारली, की समजावं, हाक मारणाऱ्याला आज दुसरा उद्योग नाही. रामनाथ मात्र चिडत नसे. पानवेलीच्या वाडीत अनवाणी उभा राहून वेल बांधता बांधता तो नुसती मान डोलवी. गाव म्हणे, एवढं शिकून बिचाऱ्याचा काही उपयोग झाला नाही. साफ खोटं! तो वाडीत अडकला तो शिकल्यामुळेच, आणि कसा ते मी सांगतो.

घरात माई आणि तिचे तीन मुलगे. माई तिशीच्या आत विधवा झाली तेव्हा धाकटा रामनाथ पाळण्यात होता. वाडी विकून टाक म्हणून दिरांनी लकडा लावला, पण माईनं कुणाला दाद दिली नाही. वाडीवरच तिघांना वाढवलं. थोरला आत्माराम पालघरच्या एका शाळेत मास्तर झाला, पण हंगामी. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं तसा मधला भगवंत एका ठेकेदाराकडे चिकटला आणि तिकडेच सरावलीला खोली घेऊन राहिला. उरला रामनाथ. बी.कॉम. झाल्यावर त्यानं एम.कॉम.चा हट्ट धरला. माई म्हणाली, “दोन वर्सं शिक. पण सकाळची वाडी तुजी.”

मग काय, दोन वर्षं नुसती तारांबळ. सकाळी पानं खुडायची, गड्ड्या बांधून सफाळ्याच्या स्टेशनावर पोचवायच्या, आठवड्यातून तीन दिवस दुपारच्या गाडीनं मुंबई गाठायची, वर्ग संपला की दादरला मावशीकडे पथारी टाकायची आणि पहिल्या गाडीनं परत. पानवेलीत पायताण घालून जायचं नाही, हा रिवाज. कुंपणाशी बूट काढताना रामनाथ रोज मनाशी म्हणे, थोडेच दिवस राहिले. एकदा घातलेले बूट मग काढायचेच नाहीत.

त्याचा जीव जडला होता गुंतवणुकीच्या पेपरावर. हातातला पैसा सरकारी कर्जरोख्यांत किती घालावा, शेअरांत किती, एक बुडालं तर दुसऱ्यानं कसं तारावं, सगळं शास्त्रशुद्ध. दिघे सर शिकवायचे. ते म्हणत, “एकटा शेअर चांगला की वाईट, हे विचारूच नका. बाकीच्यांच्या शेजारी बसून तो काय काम करतो, ते बघा.” रामनाथला हे इतकं आवडलं की पंपाच्या खोपटीत भिंतीवर त्यानं कोळशानं लिहून ठेवलं. सरांचाही त्याच्यावर लोभ. फोर्टातल्या एका कंपनीत, गुंतवणुकीच्याच खात्यात, त्यांनी त्याच्यासाठी शब्द टाकला होता. परीक्षा झाली की एक जूनला हजर व्हायचं.

सहासष्टच्या एप्रिलात पेपर झाला. सक्तीचा प्रश्न असा : एका विधवेकडे अमुक इतका पैसा आहे, दुसरा आधार नाही, तिला सल्ला द्या. रामनाथनं अकरा पानं लिहिली. पैशाचे तीन भाग करावेत. दोन बाहेर धाडावेत, वाढतील तिथे, थोडा धोका असला तरी. तिसरा घरचा. त्याला हात लावायचा नाही. तो फार वाढणार नाही, पण तो जागचा हलत नाही म्हणूनच बाकीचे दोन धोका पत्करू शकतात.

तो हवेत तरंगतच घरी आला. माई पडवीत पानं निवडत बसली होती. त्यानं एका दमात फोर्टातल्या नोकरीचं सांगून टाकलं. माई खाली मान घालून पानं निवडतच राहिली. मग विषय हलका करावा म्हणून त्यानं पेपराचं काढलं.

“विधवा म्हंजे माज्यासारकी?” माईनं विचारलं. “मंग काय सांगितलंस तिला?”

झालं! रामनाथला समजावून सांगायचा भारी सोस. त्यानं माईपुढच्या पानांचे तीन ढीग केले. दोन लांब सारले, तिसरा माईच्या गुडघ्याशी ठेवला, आणि सगळं उत्तर तिला मराठीत सांगितलं. माईनं मन लावून ऐकलं. मग पहिल्या ढिगावर हात ठेवला.

“ह्यो आत्माराम. जूनला शाळेनं नाय म्हटलं का घरी. ह्यो भगवंत. काम सपलं का ठेकेदार हाकलील. दोघं बाहेर पडले ते कोणाच्या जिवावर, रामा? मागं वाडी हाय नि वाडीत तू हाय म्हणून.” तिसऱ्या ढिगाला तिनं हात लावला नाही. “नि ह्यो कोण, ते तूच सांग.”

रामनाथचा चेहरा उतरला. मग तो ओरडलाच, “मी काय रोख्याचा कागद हाय का, माई? मला जीव नाय?”

“मला नव्हता?” माईनं हातातलं पान खाली टाकलं. “तेवीस वर्सं ह्या ढिगाच्या जागी मीच बसले ना! तुमी तिघं शिकले ते म्हणून. आता नाय रे होत माज्यानं.”

दाराला कुणी कडी घातली नव्हती. तो जाऊ शकत होता. पण पुढचे आठ दिवस वेडा आपल्याच उत्तरात चूक शोधत बसला. एक चूक सापडली असती तरी त्यानं बूट चढवले असते. खोपटीत भिंतीवरची ती ओळ वाचवेना, म्हणून पुसायला गेला, तर हात काळा झाला आणि ओळ होती तिथेच. चूक काही सापडली नाही. मेच्या अखेरीस त्यानं फोर्टात नकाराचं पत्र धाडलं.

जुलैत पोस्टमन वाडीच्या कुंपणाशी दिघे सरांचं पत्र देऊन गेला. त्या पेपरात रामनाथ विद्यापीठात पहिला आला होता. विधवेच्या प्रश्नाचा एकही गुण कापला नव्हता. सरांनी लिहिलं होतं, एवढं निर्दोष उत्तर आपण कधी पाहिलं नाही, आणि असा माणूस मुंबईला का आला नाही, हे आपल्याला कळत नाही.

रामनाथनं पत्र माईला वाचून दाखवलं, सरांचं ते शेवटचं वाक्य गाळून. माई वेलाला धरून उभी राहिली. एप्रिलपासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे त्याला तेव्हा कळलं.

“म्हंजे माजं काय चुकलं नाय ना, रामा?”

त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, की परीक्षेत विधवेचं विचारलं होतं, तिसऱ्या ढिगाचं कुणी विचारलंच नाही. पण ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

“नाय, माई,” तो म्हणाला. “पैकीच्या पैकी.”